खाटेच्या डाव्या बाजूला

रोह्याच्या ज्या नर्सिंग शाळेत मी शिकवते, तिथे दर वर्षी पहिल्या तासाला मी एका मुलीला पुढे बोलावते आणि वर्गाकडे तोंड करून उभी करते. ताठ, पाय जुळवलेले, हात अंगालगत सोडलेले, तळवे पुढे. तळवे पुढे म्हटलं की वर्गात खसखस पिकते, कारण असं कुणी उभं राहत नाही. मी त्यांना हसून घेऊ देते आणि मग सांगते, की ही अ‍ॅनाटॉमिकल पोझिशन. पेशंट आडवा असो, पालथा असो, खुर्चीत मुटकुळं करून बसलेला असो, त्याच्या शरीराबद्दल बोलताना तो असाच उभा आहे असं धरायचं. मग विचारते, "हिचा उजवा हात कुठला?"

निम्म्या मुली चुकीच्या हाताकडे बोट दाखवतात. दर वर्षी. बारावी सायन्स झालेल्या मुली. मग माझं डोकं फिरतं. "तुमचा उजवा नाही विचारला मी, हिचा विचारला! उद्या डाव्या गुडघ्याचा पेशंट तुमच्यासमोर असेल आणि तुम्ही उजव्या गुडघ्याची तयारी कराल!" मुली मला पाठीमागे 'डावी-उजवी मॅडम' म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणोत. बाकीचे शब्द त्या पटापट शिकतात. डोक्याकडचं ते सुपिरिअर, पायांकडचं इन्फिरिअर. पुढचं अँटिरिअर, पाठीमागचं पोस्टिरिअर. शरीराच्या मधोमध एक उभी रेघ धरायची, तिच्या जवळचं ते मिडियल, तिच्यापासून लांबचं लॅटरल. हातापायात मात्र मुळापासून मोजायचं, खांद्याच्या जवळचं प्रॉक्झिमल, बोटांकडचं डिस्टल. हे सगळं दोन दिवसांत पाठ होतं. समोरच्याची डावी बाजू ही त्याचीच डावी असते, एवढं अंगवळणी पडायला मात्र वर्ष जातं.

मी ते पेणला शिकले, दहा-अकरा वर्षांची असताना, आणि चांगलीच शिकले.

माझे बाबा गणपतीच्या कारखान्यात कामाला होते. त्यांचं काम एकच, देवाचे डोळे आखायचे. साचा, घासकाम, रंग, दागिने, सगळ्यांची कामं झाली की मूर्ती बाबांच्या पुढ्यात यायची. मे महिन्याच्या सुटीत मी कारखान्यात जाऊन बसायचे. त्या वर्षी मला पहिल्यांदा ब्रश मिळाला. काम सोपं होतं, लहान मूर्तींच्या छातीवर जानव्याची पिवळी रेघ ओढायची, खांद्यावरून कमरेपर्यंत. बाबांनी सांगितलं, "डाव्या खांद्यावरून." मी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून फळीवरच्या सगळ्या मूर्ती संपवल्या. रेघा सुंदर आल्या होत्या, अजून म्हणते.

बाबा आले, फळीकडे बघितलं आणि मटकन खाली बसले. मी माझ्या डाव्या हाताकडचा खांदा धरला होता. म्हणजे देवाचा उजवा. जानवं उजव्या खांद्यावर घेतात ते श्राद्धाला.

"देवांना श्राद्धाला बसवलंस गो सगळ्यांना," ते म्हणाले. मग मला मूर्तीशेजारी, फळीला पाठ टेकवून, देव बघतो त्या दिशेला तोंड करून उभं केलं. "आता तू देव. तुझा डावा खांदा कुठला?" मी खांद्याला हात लावला आणि रडायला लागले. बाबा हसत होते. दुपारभर आम्ही दोघं ओल्या फडक्यानं त्या रेघा पुसत बसलो. "इथं आपली डावी-उजवी घरी ठेवून यायची," ते म्हणाले. "इथं फक्त देवाची."

तेव्हापासून नियम म्हटला की तो मी काटेकोर पाळायला लागले. सांगितलं तसं, सांगितलं तेवढं, आणि शंका आली तर थोडं जास्तच. माझ्या स्वभावात हे मुरलंय.

पुढे मी नर्सिंगला गेले तेव्हा बाबांना माझ्या पुस्तकाचं भारी कौतुक. सुटीत घरी आले की ते काम करता करता मला वाचून दाखवायला लावायचे. मिडियल आणि लॅटरल हे शब्द त्यांना फार आवडले. कारण ते स्वतः तेच करायचे. देवाच्या कपाळापासून सोंडेच्या मुळापर्यंत पेन्सिलनं बारीक रेघ काढायची, मग खराट्यातला एक हीर मोडून त्याच्या मापानं रेघेपासून दोन्ही डोळ्यांचे आतले कोपरे ठरवायचे. "म्हंजे मी आधी मिडियल बघतो, मग लॅटरलला जातो," ते म्हणायचे. "तुमच्या डॉक्टर लोकांनी आमचंच उचललंय." आणि देवाचा उजवा डोळा आधी, मग डावा, हा त्यांचा क्रम. का, ते त्यांनाही सांगता यायचं नाही. डोळे आखून झाले की ब्रश पाण्यात बुडवायचे, मूर्तीकडे नीट बघायचे आणि विचारायचे, "बघतोय ना?" देव बघतोय ना, असं. मी म्हणायचे, "बघतोय." तेवढं झाल्यावरच ती मूर्ती फळीवर जायची.

माझं लग्न झालं, रोह्याला नोकरी लागली, मुलगी झाली. पेण काही लांब नाही, पण जवळ असलेल्या गावाला जाणं जास्त राहून जातं, हा माझा अनुभव. दोन दोन महिने जायचे. बाबा फोनवर कधी "ये" म्हणाले नाहीत. "वेळ झाला की ये" म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी, शिमग्याच्या आठवड्यात, बाबा सकाळी न्हाणीत पडले. शेजाऱ्यांनी पनवेलला नेलं, मी रोह्याहून थेट हॉस्पिटलात पोचले. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी होती. डावा हात आणि डावा पाय गेला होता. आई पहिल्यांदा काय बोलली असेल? "उजवा हात हाय ना?" उजवा हात होता. ब्रशचा हात वाचला म्हणून त्या कॉरिडॉरमध्ये आम्ही दोघी रडत रडत हसलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. डोळे उत्तम आहेत, म्हणाले, पण डावीकडचं जग आता त्यांच्या लेखी नाही. दिसत नाही असं नाही, ते तिकडे बघतच नाहीत, आणि बघत नाही हे त्यांना कळतही नाही. मला हे माहीत होतं. पुस्तकात यावर दीड पान आहे आणि मी ते अर्ध्या तासात उरकत आले होते. बाबा दाढी करायचे ती उजव्या गालाची. डावा गाल पांढऱ्या खुंटांचा तसाच, आणि ते आरशात बघून समाधानानं साबण पुसायचे.

घरी सोडताना तिथल्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं आम्हा दोघींना बसवून सांगितलं. डाव्या बाजूनं बोला. वस्तू डावीकडे ठेवा. मेंदूला तिकडे वळायची सवय लागली पाहिजे. आणखीही काही सांगितलं तिनं. मी मान डोलवत होते, पण ऐकलं ते एवढंच.

आमचं घर रामवाडीजवळ, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत खाट होती ती अशी, की बाबा आडवे पडले की उजव्या हाताला दार आणि डाव्या हाताला खिडकी. खिडकीशी मी माझी खुर्ची मांडली. दर शनिवारी दुपारची गाडी पकडून यायचे, रविवारी संध्याकाळच्या गाडीनं परत. सबंध वेळ त्या खुर्चीत. जेवणसुद्धा तिथेच. नवरा म्हणायचा, जरा झोप, जरा आईशी बोल. मी म्हणायचे, मला आठवड्यातला दीड दिवस मिळतो.

आता हे कसं सांगू? मी दारातून आत आले की बाबांना दिसायचे. चेहरा फुलायचा. "आलीस?" मी म्हणायचे, "आले बाबा," आणि खाटेला वळसा घालून खिडकीशी जाऊन बसायचे. त्यांच्यापुरती मी तिथेच संपायचे. मी डावीकडून हाक मारली की ते उजवीकडे बघायचे, दाराकडे. आवाज ऐकू येतोय म्हणजे मी दारातच असणार. म्हणायचे, "आत ये गो. दारात काय उभी?" मी म्हणायचे, "बाबा, मी आत आहे. तुमच्या डाव्या हाताला बसलेय. मान वळवा." ते दाराकडेच बघत राहायचे. त्यांचा गळ्यावरचा तीळ, कानामागची शीर, मानेच्या सुरकुत्या, सगळं मला पाठ झालं. चेहरा मात्र अर्धाच मिळायचा. मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर होते आणि मला त्यांची आठवण यायची. पोटातून यायची.

आई उजवीकडे पाट घेऊन बसायची. तिला नियम-बियम काही नव्हता. ती त्यांच्या नजरेत बसून भाजी निवडायची, पापड लाटायला घ्यायची, शेजारच्या चुगल्या सांगायची. माझा जळफळाट व्हायचा.

जेवणावरून तर आमची रीतसर भांडणं झाली. आपल्याकडे ताटात डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, लोणचं. बाबा ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून खायचे, वालाचं बिरडं दोनदा मागायचे, आणि मग म्हणायचे, "घरातलं लोणचं संपलं काय?" लोणचं ताटातच असायचं. आईनं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवसापासून लोणचं उजवीकडे, भाजीशेजारी वाढायला लागली. मी शनिवारी आले आणि ते उचलून पुन्हा डावीकडे ठेवलं.

"अगो, खाऊ दे त्यांना," आई म्हणाली.

"शोधू देत. शोधल्याशिवाय येणार नाही."

"लोणचं शोधायचं? या वयात?"

मी लोणचं डावीकडेच ठेवलं. बाबा त्या दिवशी लोणच्याशिवाय जेवले. मी त्यांच्या डाव्या कानाशी "बाबा, अजून इकडे, अजून इकडे" करत होते आणि ते दाराकडे बघून मान हलवत होते, समजल्यासारखे.

एकदा शेजारच्या काकू मला पाणी भरताना म्हणाल्या, "तुझे बाबा सांगत होते, पोरगी येते, दारात उभी ऱ्हाते आणि जाते. मोठी मॅडम झाली." त्या हसत म्हणाल्या, वाईट मनानं नाही. मी कळशी तशीच टाकून आत गेले, खिडकीशी बसले आणि बाबांचा निर्जीव डावा हात माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला. बाबा झोपले होते. मला त्यांना हलवून उठवावंसं वाटलं आणि ओरडून सांगावंसं वाटलं, की मी जात नाही हो कुठे, इथेच असते, सगळा वेळ. पण मी खुर्ची हलवली नाही. मला वाटायचं, आज मी उजवीकडे जाऊन बसले तर आतापर्यंतची मेहनत वाया जाईल. एक दिवस ते आपणहून मान वळवतील आणि मला बघतील. मला ते तसंच हवं होतं. त्याच्यापेक्षा कमी काही नको होतं.

आषाढ लागायच्या सुमाराला कारखान्याचे मालक घरी आले. बाबांच्याच हाताखाली आखणी शिकलेला माणूस, आता पन्नाशीचा. हातात शाडूची छोटी मूर्ती होती, त्यांच्या स्वतःच्या घरची. मधली रेघ, डोळ्यांची मापं, सगळ्या खुणा त्यांनीच करून आणल्या होत्या. "दादा, आमच्या घरच्याचे डोळे तुम्हीच आखायचे," म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या हातचे चालायचे नाय."

रविवारची सकाळ होती. आईनं बाबांना उशा लावून बसवलं, मांडीवर पाट ठेवला, पाटावर मूर्ती. बाबांनी ब्रश उचलला आणि ओठाच्या कडेनं त्याचं टोक केलं, नेहमीसारखं. हात थरथरला नाही. जरासुद्धा नाही. वरच्या पापणीची रेघ एका दमात आली, मग खालची, मग बुबुळ, आणि त्यात मोहरीएवढा पांढरा ठिपका. त्या ठिपक्यातून देव बघायला लागला. मालकांनी हात जोडले.

बाबांनी ब्रश पाण्यात बुडवला. "बघतोय ना?"

आखला होता तो देवाचा डावा डोळा, बाबांच्या उजव्या हाताकडचा. दुसऱ्या डोळ्याच्या जागी पांढरा शाडू होता.

मी खिडकीपाशी होते. म्हटलं, "बाबा, देवाचा उजवा राहिला."

बाबांनी दाराकडे बघितलं. "उजवा झाला. उजवा मी आधी करतो, माहीत नाय तुला?"

"बाबा, मान वळवा. डावीकडे या. रेघेच्या पलीकडे."

"वळवलीय की." मान तसूभरही वळली नव्हती.

आईनं मूर्ती सरकवायला हात पुढे केला. मी तिचं मनगट धरलं. आजही माझ्या बोटांना तिच्या बांगड्या आठवतात. "आई, हात लावू नकोस. त्यांना शोधू दे." मी पुन्हा पुन्हा सांगत राहिले. रेघ धरा. रेघेच्या पलीकडे. अजून. बाबा घामेजले. नजर रेघेपर्यंत यायची आणि परत फिरायची. शेवटी त्यांनी मालकांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "काम बरोबर नाय झालं काय रे?" चाळीस वर्षं डोळे आखणाऱ्या माणसानं आपल्या शिष्याला हे विचारलं.

"झालं, दादा. फस्कलास झालं," मालक म्हणाले आणि डोळे पुसत बाहेर गेले. मूर्ती आमच्याकडेच ठेवून गेले.

सोमवारी मी वर्गावर जायच्या गडबडीत असताना आईचा फोन आला. आवाज असा, की मला वाटलं बाबा चालायला लागले. सकाळी तिनं मूर्ती पाटावर ठेवली आणि पाटच वीतभर उजवीकडे सरकवला. बस्स, एवढंच. बाबा बघत राहिले आणि म्हणाले, "हा कुणी सोडला?" आणि आखून टाकला. "दोन्ही डोळे झाले गो! मला इचारलं, बघतोय ना? मी म्हटलं, बघतोय हो, बघतोय!"

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, "आई, तू सगळ्यावर पाणी फिरवलंस."

पलीकडून आई म्हणाली, "ती व्यायामाची डाक्टरीण म्हणाली होती, डावीकडनं बोलायचं ते दिवसातनं दोन-तीनदा, थोडा थोडा येळ. दमले की थांबा म्हणाली होती. मी होते तिथं."

"आई, हे मी शिकवते. तू मला नको सांगूस."

तिनं फोन ठेवला. आठवडाभर आम्ही बोललो नाही. हे लिहिताना मला माझी लाज वाटते, पण झालं ते असं झालं.

पुढच्या रविवारी मी हट्टानं सकाळपासून खिडकीशी बसले. आई माझ्याकडे न बघता चहा ठेवून गेली. मी बाबांचा डावा हात चोळत होते, माझा हात त्यांच्या हातावर ठेवून पुढे-मागे करत होते, बोलत होते. शाळेचं, मुलीचं, वर्गातल्या मुलींचं. तीनच्या सुमाराला त्यांची हनुवटी हलली. मान दोन बोटं वळली, डावीकडे. नजर पांघरुणावरून सरपटत आली, त्यांच्या स्वतःच्या हातावर आली, आणि तिथून माझ्या मनगटावर. बांगडीवर थांबली. मग कोपरापर्यंत चढली.

"कुणाचा हात हाय हा?" बाबा म्हणाले.

"माझा, बाबा. माझा."

नजर सुटली आणि परत दाराकडे गेली. पण मी बघितलं होतं! मी वहीत लिहून ठेवलं, वेळेसकट. मनगट ते कोपर. मी मनात हिशेब मांडला. डिस्टलकडून प्रॉक्झिमलकडे येतायत. पुढच्या रविवारी दंड, खांदा, त्याच्या पुढच्या रविवारी चेहरा. मला इतका आनंद झाला होता, की मी आईला जाऊन सांगितलं, भांडण विसरून. तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला.

सहा वाजता मी बॅग घेतली आणि दाराशी आले. तिथे मी बाबांना दिसले.

चेहरा उजळला. "आलीस?"

"निघाले, बाबा."

"आता तर आलीस. बस जरा. बघू दे गो, किती बारीक झालीस." त्यांनी उजवा हात वर केला, तळवा माझ्याकडे. "अशी समोर बस."

"बाबा, गाडी आहे. पुढच्या शनिवारी येते."

"वेळ झाला की ये," ते म्हणाले. बघत राहिले.

गुरुवारी सकाळी आईचा फोन आला. दुसरा झटका. मी निघाले, पण नागोठणं यायच्या आत सगळं आटोपलं होतं.

मालकांनी ती मूर्ती त्यांच्या घरी बसवली. चतुर्थीला मी गेले होते. आखणीत खोट नव्हती, दोन्ही डोळे सारखे होते, आधीचा कुठला आणि नंतरचा कुठला हे मालकांना, आईला आणि मला सोडून कुणाला सांगता आलं नसतं. आई माझ्या शेजारी उभी होती. ती मला एका शब्दानंही बोलली नाही, तेव्हा नाही आणि त्यानंतरही नाही. एकदाच म्हणाली, "तुला रोज इचारायचे. सोमवारी इचारायचे, मंगळवारी इचारायचे, शनिवार झाला काय." मला वाटतं तिला ते चांगलं म्हणून सांगायचं होतं.

एक गोष्ट मात्र मी तिला अजून सांगितलेली नाही.

त्या शेवटच्या रविवारी मी धावतपळत रामवाडीच्या स्टँडवर पोचले, आणि गाडी आली नव्हती. कंट्रोलर म्हणाला, हायवेला अडकलीय, वेळ लागेल. मी बाकावर बसले. शेंगदाणे घेतले. वही काढून पुढच्या रविवारचं वेळापत्रक आखलं. घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं. उठावं, घरी जावं, असं एकदाही मनात आलं नाही, कारण माझी खिडकीशी बसायची वेळ संपली होती आणि आजचं काम छान झालं होतं. गाडी दीड तासानं आली. तो दीड तास बाबा उशांना टेकून जागे होते, दाराकडे बघत. त्यांच्या खाटेच्या उजव्या बाजूला बसायला एक पाट रिकामा होता.